कालनिर्णयावरच्या फुल्या

ज्या विषयावर आपल्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, त्यावर वार्षिक अंकात लिहावे की नाही, असा विचार मी बरेच दिवस करीत होतो. ज्याच्याविषयी लिहायचे त्यालाच शेवटी विचारले. तो म्हणाला, "लिही. नाव नको टाकूस. पण फुल्यांचं नक्की लिही." म्हणून हा लेख.

मी कुर्ल्याला मामांकडे राहून शिकतो. कुर्ला पश्चिमेला चाळीतली एक खोली आणि वर पोटमाळा. मामा, मामी, माझा मामेभाऊ, वहिनी आणि मी, असे आम्ही पाच जण. मामेभावाला मी दादा म्हणतो. सीएसटी रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची जी दुकाने आहेत, त्यांपैकी एकात तो कामाला आहे. स्वभावाने सरळ, हाताने उदार, चाळीतल्या कोणाच्याही अडीनडीला धावणारा. असा माणूस रात्र रात्र मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

सुरुवात अश्लील चित्रफितींपासून झाली. पुढे पैसे भरून अनोळखी बायकांशी व्हिडिओवर बोलणे सुरू झाले. मग दुकानातून उचल, मग मित्रांकडून उसने, आणि शेवटी वहिनींची सोन्याची साखळी गहाण पडली. वहिनींनी कपाटातील डबी उघडली तेव्हा सारे बाहेर आले. भांडण झाले नाही. त्यांनी दोन साड्या पिशवीत भरल्या आणि विक्रोळीला माहेरी निघून गेल्या.

त्या रात्री दादा मामांच्या पायांशी बसून रडला. "मला थांबता येत नाही हो, बाबा," एवढेच म्हणत राहिला.

मामा माळकरी. त्यांच्या दृष्टीने उत्तर सरळ होते. आषाढी एकादशी चार दिवसांवर आली होती. "त्या दिवशी माळ घाल. सहा महिने कडक ब्रह्मचर्य. मन, शरीर, दोन्ही. इंद्रिय जिंकलं की सगळं जिंकलं." शेजारचे काका एकोणीस वर्षांपूर्वी दारू सोडलेले, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना अजून नेमाने जातात. त्यांनीही मामांना दुजोरा दिला. "व्यसनात थोडंसं असं काही नसतं. एक घोटही नाही, तेव्हा मी वाचलो."

आणि मी? मी त्या दोघांपेक्षा जास्त उत्साही होतो. 'इच्छाशक्ती', 'वीर्यशक्ती', 'नव्वद दिवसांत नवा माणूस' असे बरेच काही मी मोबाईलवर वाचले होते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री एक फुली मारायची, ही कल्पना माझीच. लाल पेनही मीच आणून दिला.

फुल्या वाढत गेल्या. दादा पहाटे उठू लागला, दुकानात वेळेवर जाऊ लागला. पंचवीस फुल्या झाल्या त्या दिवशी मामांनी पेढे आणले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

गणपतीला मामा, मामी आणि मी गावी गेलो. दादाला रजा मिळाली नाही. गौरीच्या दिवसांत वहिनी सणाचा डबा घेऊन विक्रोळीहून आल्या आणि राहिल्या. पंचावन्न फुल्या झाल्या होत्या. नवराबायको बऱ्याच महिन्यांनी मोकळेपणी बोलली, रडली, जवळ आली. कोणीही म्हणेल, चांगले झाले. पण दादाच्या हिशेबात व्रत मोडले होते. सकाळी तो वहिनींशी एक शब्द बोलला नाही. त्यांनी विचारले तेव्हा म्हणाला, "तुझ्यामुळे सगळं वाया गेलं." वहिनी तशाच परत गेल्या. त्यानंतरच्या तीन रात्री दादाने मोबाईलवर पूर्वी कधी घालवले नव्हते एवढे पैसे घालवले. एवीतेवी बुडालोच आहोत, मग नाकातोंडात पाणी गेले तर काय बिघडले?

मी गावाहून आलो तर कालनिर्णयावर छप्पन्नावा चौकोन कोरा होता. त्यापुढचेही कोरे.

त्या कोऱ्या चौकोनाने मला कॉलेजच्या लायब्ररीत नेऊन बसवले. तेथे कळले की आमच्या खोलीतला वाद नवा नाही. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांपासून चालला आहे. एका बाजूला महात्मा गांधी. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि पुढे संततिनियमनासाठीही साधनांऐवजी संयमाचाच आग्रह धरला. १९३५ च्या डिसेंबरमध्ये मार्गारेट सँगरबाई त्यांना वर्ध्यास भेटल्या, तेव्हाही ते बधले नाहीत. दुसऱ्या बाजूला रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईत त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले. या कामापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. ब्रह्मचर्याने शरीरात काही शक्ती साठते, हे त्यांना मान्य नव्हते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे, ही भूमिका हरली नाही.

तरी गांधी आणि कर्वे यांच्यासमोर दादासारखा ताबा सुटलेला माणूस नव्हता. त्याच्यासाठी मी आणि काका त्याला एका सरकारी रुग्णालयातील मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेलो. सकाळी सातला रांग धरली, नंबर साडेअकराला लागला. डॉक्टरांनी दादाला दोन प्रश्न विचारले. "तुम्हाला त्रास कशाचा झाला? मोबाईलवर पैसे आणि रात्री घालवल्याचा, की बायकोजवळ गेल्याचा?" दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला दोन्ही सारखंच वाटतं."

"इथेच गाठ आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सांगितलेले मी नंतर पडताळून पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तन हा विकार नोंदलेला आहे. तेथे त्याला व्यसनांच्या गटात न घालता आवेग न आवरण्याच्या विकारांत ठेवले आहे. माणूस सहा महिने किंवा अधिक काळ स्वतःला आवरू शकत नाही आणि त्यामुळे त्याचे काम, संसार, प्रकृती यांची हानी होते, ही त्याची खूण. केवळ नैतिक अपराधी भावनेमुळे होणारा त्रास म्हणजे हा विकार नव्हे, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र २०१३ च्या आपल्या ग्रंथात अशा विकाराला जागा दिली नाही. अमेरिकेत १९७० नंतर दारूमुक्तीच्या धर्तीवर जे स्वमदत गट निघाले, त्यांच्यातही एकमत नाही. एक गट म्हणतो, विवाहाबाहेर काहीही नको, एकट्यानेही नको. दुसरा म्हणतो, आपल्याला बुडवणारे वर्तन कोणते, ती रेघ ज्याची त्याने आखावी. आणि ॲलन मार्लेट या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवून दिले की संपूर्ण वर्ज्य करण्याची शपथ एकदा मोडली, की 'मी मुळातच नालायक' या भावनेने माणूस अधिक खोल घसरतो. म्हणजे माझा दादा आणि त्याच्या तीन रात्री.

परतीच्या वाटेवर काका मात्र हटले नाहीत. "मी जर मोजून प्यायला बसलो असतो तर आज जिवंत नसतो." मी म्हटले, "काका, दारूवाचून माणूस जन्मभर राहू शकतो. भुकेचं तसं आहे का? खादाड माणसाला आपण जेवण कायमचं बंद करायला सांगतो का?" काका थोडे थांबून म्हणाले, "भुकेचं ठीक. पण त्या मोबाईलवरच्या बायका म्हणजे जेवण नव्हे. ती दारूच." मला वाटते, त्या दिवशी सर्वांत शहाणे वाक्य त्यांनीच उच्चारले.

डॉक्टरांनीही जवळजवळ हेच केले. पैसे भरून बोलणे पूर्ण बंद. रात्री मोबाईल मामींच्या डब्यात. पगार वहिनींच्या खात्यात. आणि सुरुवातीचे काही आठवडे शरीरसंबंधालाही विराम, पण दोघांच्या संमतीने आणि पाप म्हणून नव्हे, मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालतात तसा. प्लास्टर काढायचे असते, हे आधीच सांगून.

या साऱ्यात एका व्यक्तीला कोणी विचारलेच नव्हते. मामांनी व्रत दिले, मी पेन दिला, काकांनी दाखला दिला. ज्यांच्या संसाराचा प्रश्न, त्या विक्रोळीला. मी माफी मागायला गेलो. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, साखळीचं दुःख होतंच. पण त्या सकाळी मला वाटलं, त्या परक्या बायका आणि मी, ह्यांच्या लेखी एकाच रांगेत. तुमच्या त्या व्रतात मी पाप झाले का?"

मला उत्तर देता आले नाही. आजही नीट देता येत नाही.

आता वहिनी कुर्ल्याला परत आल्या आहेत. दादा ओपीडीत जातो. मधल्या काळात दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने दुसऱ्या दिवशी वहिनींना स्वतः सांगितले आणि तिसऱ्या दिवशी दुकानात गेला. मामांना हे सारे पटलेले नाही. "संयमाशिवाय माणूस कसला?" असे ते अजून म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असे मला वाटत नाही. संयम हवाच. पण जो संयम स्वतःच्या बायकोला सापळा समजायला लावतो आणि एका चुकीसरशी माणसाला पुन्हा गाळात ढकलतो, तो संयम नव्हे, भीती आहे. लोकलच्या रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्त दुर्बलते'च्या जाहिराती करणारे वैद्यही तिच्यावरच जगतात.

कालनिर्णय अजून त्याच खिळ्याला आहे. त्यावर आता फुल्या नाहीत. वहिनी त्यावर दुधाचा हिशेब लिहितात, आणि महिन्यातून एकदा दादाच्या अक्षरात 'डॉक्टर' असे लिहिलेले असते.

आपल्या वर्गांतही एखादा दादा असेल. त्याला पेन देण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे, एवढेच मला माझ्या मित्रांना सांगायचे आहे.