घाटकोपर ते जुहू : नातवाचे एक मागणे

पूर्वी घाटकोपरहून अंधेरीला जायचे म्हणजे 340 क्रमांकाच्या बसमध्ये बसून साकीनाक्याच्या कोंडीत तासाहून अधिक वेळ घालवण्याची तयारी ठेवावी लागे. 8 जून 2014 रोजी मेट्रो सुरू झाली आणि पूर्व व पश्चिम उपनगरांना जोडणारा हा प्रवास वीस-बावीस मिनिटांवर आला. घाटकोपर ते वर्सोवा 11.4 किलोमीटर, बारा स्थानके. माझ्या नातवाला ती सुलट आणि उलट, दोन्ही क्रमांनी पाठ आहेत. तो चोवीस वर्षांचा आहे आणि स्वमग्न आहे. रविवारी सकाळी, गर्दी उसळण्यापूर्वी, आम्ही दोघे मेट्रोने डी. एन. नगरला उतरतो आणि तेथून रिक्षाने जुहूच्या किनाऱ्यावर जातो. कानांवर मोठे हेडफोन चढवून तो खिडकीशी उभा राहतो. मी ज्येष्ठांच्या आसनावर बसतो.

अशाच एका रविवारी गाडीने जागृतीनगर सोडले तेव्हा तो हेडफोन बाजूला सारून म्हणाला, “आजोबा, मला बरं व्हायचंय.”

माझ्या तोंडून उत्तर आपोआप निघाले. “अरे, तू आजारी थोडाच आहेस? आहेस तसाच छान आहेस.” त्याने हेडफोन पुन्हा कानांवर ओढले. असल्फ्याची डोंगरावरची वस्ती समोर आली. 2018 मध्ये रंगवलेल्या त्या घरांच्या भिंती त्याला फार आवडतात. पण त्या दिवशी तो त्याविषयी काही बोलला नाही.

माझे उत्तर चुकीचे होते असे नाही. स्वमग्नता हा ताप किंवा कावीळ नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतले ते जन्मजात वेगळेपण आहे. जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने 1993 मध्येच पालकांना विनवले होते की, आमच्यासाठी शोक करू नका. त्या विचारातून स्वीकाराची मोठी चळवळ उभी राहिली. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने जी एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली, त्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. हे सर्व मोलाचे आहे. तरीही त्या सकाळी माझ्या उत्तराने त्याचे बोलणे थांबले, हेही खरे.

घरी कळल्यावर प्रत्येकाने आपापल्या परीने तेच केले. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. आत्या म्हणाली, “असं बोलू नये रे.” पालकांच्या ओळखीतल्या एका बाईंनी तर, बरे व्हावेसे वाटणे हा स्वतःचाच तिरस्कार आहे, असा निर्वाळा दिला. दुसऱ्या टोकाला आमचे एक आप्त. ते संध्याकाळीच कसल्याशा चूर्णाची पुडी घेऊन आले. नेमके काय बरे व्हायला हवे आहे, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही.

असे बोलणारा तो एकटा नाही. लॉस एंजेलिसचे जोनाथन मिचेल हे स्वमग्न लेखक अनेक वर्षे उघडपणे सांगत आले आहेत की, मला यावर इलाज हवा आहे. त्यासाठी त्यांना पुष्कळ टीका सोसावी लागली. अनेक स्वमग्न माणसांना इलाजाची कल्पनाच अपमानास्पद वाटते. तीही भावना तितकीच खरी आहे. दोघेही स्वतःच्या आयुष्याविषयी बोलत असतात. ‘स्वमग्न’ हा आपला शब्दच थोडी फसवणूक करतो. आपल्यातच रमलेला, कशाचीही उणीव न भासणारा माणूस त्यातून डोळ्यांपुढे येतो. माझा नातू तसा नाही.

पुढच्या रविवारी साकीनाका गेल्यावर मीच विषय काढला. “तू त्या दिवशी म्हणालास, बरं व्हायचंय. म्हणजे काय काय?”

तो मरोळ नाक्यापर्यंत गप्प होता. मग म्हणाला, “मी आठ वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही मला पाठीत सुई टोचायला नेलं होतं. तेव्हा मला विचारलं नव्हतं.”

ते मी विसरलो नव्हतो. तो विसरला असेल अशी आशा होती. मूळपेशींच्या उपचाराने मूल बोलू लागेल, असे आम्हाला एका दवाखान्यात सांगण्यात आले होते. माझ्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग त्यात गेला. फरक पडला नाही. राहिली ती सुईची भीती. तेव्हा त्याला न विचारता तो बरा व्हावा असे आम्हाला वाटत होते. आज तो स्वतः मागत असता, असे मागू नये म्हणून आम्हीच त्याला सांगत होतो.

त्या उपचाराविषयी आता संदिग्धता उरलेली नाही. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने स्वमग्नतेसाठी मूळपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर असा उपचार रुग्णसेवा म्हणून देता येणार नाही, असा निर्णय दिला. या प्रकरणातील याचिकाकर्ती संस्था, यश चॅरिटेबल ट्रस्ट, आमच्या रविवारच्या वाटेवरची आहे. स्वमग्न आणि अन्य बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी जेथे काम करतात, तो ‘अर्पण’ कॅफे जुहूमध्ये याच संस्थेने सुरू केला. शरीरातले धातू काढून टाकण्याचा दावा करणारे ‘चेलेशन’ तर याहून धोक्याचे. 2005 मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा त्यात मृत्यू झाला.

जुहूला पोहोचल्यावर ओल्या वाळूच्या कडेने चालताना त्याने एकेक गोष्ट सांगितली. मी मागचा-पुढचा विचार न करता खिशातल्या वहीत लिहून घेतली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. पोट साफ होत नाही. कुकरची शिट्टी झाली की छातीत धडधडते. अंधेरीच्या पुलावर गर्दीत अडकल्यास श्वास कोंडतो. मुलाखतीत एकदम प्रश्न विचारला की शब्द सापडत नाहीत. आणि शेवटी, “मला मित्र हवाय. माणसांचे चेहरे कळायला हवेत.”

यांतली बहुतेक दुखणी औषधांच्या, समुपदेशनाच्या किंवा थोड्या सोयीच्या आवाक्यातली आहेत. स्वमग्न व्यक्तींमध्ये निद्रानाश, बद्धकोष्ठता, चिंताविकार आणि फिट्स यांचे प्रमाण अधिक आढळते आणि या सर्वांवर उपचार होऊ शकतात. “तो तसाच आहे” असे म्हणून आपण ते वर्षानुवर्षे अंगावर काढू देतो. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल ही औषधे तीव्र चिडचिड कमी करण्यासाठी दिली जातात. त्यांनी वजन वाढू शकते, म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. मूळ स्वमग्नता नाहीशी करणारे औषध आज उपलब्ध नाही.

शेवटच्या मागणीपाशी मी अडलो. मग खरे तेच सांगितले, “यासाठी औषध नाही रे. शिकता येतं थोडं, सरावानं. पण गोळी नाही.”

“संशोधन चालू आहे?”

“चालू आहे.”

“मग निघालं तर मला सांगा. घ्यायचं की नाही ते मी ठरवीन.”

या दोन वाक्यांत मला माझी रीत सापडली. आपल्या घरातले कोणी उपचार मागत असेल, तर आधी त्याची यादी करावी. ज्याला बोलता येत नाही त्याने लिहून, चित्रांतून किंवा खुणेने सांगावे. घाई करू नये. ती यादी त्याच्यासमोरच डॉक्टरांच्या हाती द्यावी. कोणी नवा इलाज सुचवला, तर ती नोंदणीकृत चाचणी आहे का, हे पाहावे. भारतातील चाचण्यांची नोंदवही 2007 पासून सर्वांना पाहण्यास खुली आहे. प्रयोगाच्या नावाखाली रुग्णाकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तेथून उठावे. आणि होकार वा नकार त्याचा असू द्यावा.

झोपेच्या तक्रारीसाठी आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आता स्वयंपाकघरात कुकर लावण्यापूर्वी त्याची आई त्याला आधी सांगते. हा उपचार फुकटचा आहे. परतीच्या गाडीत वही त्याने मागून घेतली आणि माझ्या अक्षरातली एक चूक दुरुस्त केली. ‘गर्दीचा त्रास’ असे मी लिहिले होते. त्याने ते खोडून ‘अंधेरीच्या पुलावरच्या गर्दीचा त्रास’ असे लिहिले. जुहूची गर्दी, तो म्हणाला, त्याला चालते.