पुढचे चाक, मागचे चाक

मोटारीत नवराबायको शेजारी बसतात, स्कूटरवर एकामागे एक बसतात, बैलगाडीत तर पाय पसरून बसतात. सायकलींची गोष्ट निराळी. दोघांच्या दोन सायकली असल्या की शहरातल्या रस्त्यावर एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने मागून यायचे, याला इलाज नाही. शेजारी शेजारी चालवू म्हटले तर मागचा रिक्षावाला दोन्ही घराण्यांचा एकदमच उद्धार करतो. तेव्हा सायकलवेड्या जोडप्यापुढचा पहिला प्रश्न प्रेमाचा नसतो; पुढे कोण, हा असतो.

आमच्या घरी हा प्रश्न तीस वर्षांत कधी निघालाच नाही. पुढे मी. तशी सायकल मी तिला शिकवली असेही नाही. माहेरी असताना ताशी भाड्याची सायकल घेऊन, कैची मारत, गुडघे फोडून ती आपली आपण शिकली होती. आमचे लग्न ठरत होते तेव्हा तिच्या मामांनी मला बाजूला घेऊन, एखादे व्यंग सांगावे तशा दबक्या आवाजात सांगितले होते, "मुलगी सायकल चालवते बरं का!" मी त्याच वाक्यावर होकार दिला. तरीही पुढे मीच. का, ते विचारू नका. ताटावर आधी कोण बसते हे जसे कोणी विचारत नसे, तसेच हे.

आम्ही राहतो चितेगावला. पैठण रस्त्यावरचे हे गाव शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. शहरातली माणसे मोकळ्या हवेसाठी सायकल काढून बाहेर पडतात. आम्ही मोकळी हवा सोडून रविवारी शहरात जातो. गेवराई, कांचनवाडी, नक्षत्रवाडी मागे टाकून रेल्वे स्टेशनावरून पैठण दरवाजाशी आलो की टपरीवरचा पहिला चहा. तिथून गुलमंडी, शहागंज आणि शेवटी पाणचक्की.

हे शहर सायकलीवरूनच पाहावे. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसवली. 1653 साली औरंगजेब सुभेदार होऊन आला आणि तिचे औरंगाबाद झाले. 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, पण जुन्या दरवाजांची दगडी कमान काही रुंद झाली नाही. मोटार तिथे अंग चोरून जाते. सायकल मात्र घरच्या माणसासारखी सहज आत शिरते. आणि पाणचक्की म्हणजे आम्हां सायकलवाल्यांचे देवस्थानच. एक चाक फिरावे म्हणून कोसांवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणणारी माणसे आमच्याच गोत्रातली!

या साऱ्या प्रवासात आमचे बोलणे चाले ते घंटीवर. एकदा वाजली की 'चला'. दोनदा वाजली की 'मागून गाडी येते आहे, डावीकडे सरा'. लांबवर वाजत राहिली की 'थांबा, चेन पडली'. घंटी वाजवायची तिने आणि ऐकायची मी. बाकीच्या संसारातही व्यवस्था साधारण हीच होती, फक्त तिथे घंटी नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर ही व्यवस्था मोडली. उमेदीची वर्षे मी यंत्रांच्या खडखडाटात काढली, त्यात वय. आधी उजवा कान रुसला, मग त्याचे पाहून डावा. डॉक्टरांनी कानयंत्र दिले. घरात त्याचा उपयोग होतो. सायकलीवर त्यात नुसता वारा घोंघावतो. हे मी घरी सांगितले नाही. पुढे चालणाऱ्याने असे काही सांगायचे नसते, अशी माझी समजूत होती.

एका रविवारी क्रांती चौकाच्या अलीकडे तिने दोनदा घंटी वाजवली. मग पुन्हा दोनदा. मला काहीच कळले नाही. मी खुशाल उजवीकडे वळलो. ब्रेक करकचून लावलेली बस माझ्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उभी राहिली, तेव्हा मी वळून पाहिले. ही रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून उभी होती. तोंड उघडे होते. ती ओरडली असणार. पण ते ओरडणेही माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते.

परतताना चितेगावापर्यंत आम्ही घंटी वाजवली नाही आणि बोललोही नाही. संध्याकाळी मुलगा आणि मुलगी दोघांनी एकमताने निकाल दिला: सायकली विकून टाका. त्यांचे काय चुकले? मी निमूटपणे अंगणात गेलो आणि विकायची वस्तू स्वच्छ असावी म्हणून चेनीला तेल घालू लागलो. ही मागून आली, खांद्यावर हात ठेवला आणि माझ्यासमोर येऊन, मला ओठ दिसतील अशी उभी राहून म्हणाली, "विकायच्या कशाला? आता मी पुढे."

"आणि मी?"

"कान गेले, डोळे आहेत ना? माझी पाठ बघत या."

काही अटी ठरल्या. उजाडल्याशिवाय निघायचे नाही, पावसात नाही, मोठ्या चौकात उतरून चालायचे. माझ्या पाठीवर चमकता पट्टा आला आणि तिच्या हँडलला वाटोळा आरसा. पहिल्या रविवारी तिच्या मागून निघालो आणि तीस वर्षांत न पाहिलेल्या गोष्टी पाहिल्या. खड्डा आला की तिचा डावा हात खाली जाई. मागून गाडी आली की तळवा उभा राही. दर वळणावर ती आरशात बघे. गाडी बघायला नव्हे, मी आहे ना ते बघायला. मी पुढे असताना तिच्यासाठी असा हात एकदाही काढला नव्हता. पाणचक्कीपाशी न राहवून मी विचारले, "इतकी वर्षं तुला खड्डे कसे कळायचे गं?"

"तुम्ही आदळलात की कळायचे!"

मेरी आणि पिएर क्यूरी यांचे एक जुने छायाचित्र आहे. 1895 साली त्यांनी लग्न केले आणि आहेराच्या पैशांतून दोन सायकली घेऊन मधुचंद्राला गेले. छायाचित्रात दोघे सायकली धरून शेजारी शेजारी उभी आहेत. पण ती उभे असतानाची गोष्ट. चाके फिरू लागल्यावर पुढे कोण होते, हे छायाचित्र सांगत नाही. 1906 साली पॅरिसच्या रस्त्यात पिएर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून गेला. सायकलीवर नव्हता, पायीच होता, हे मी मुलांना मुद्दाम सांगितले. पण मेरी त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली, हे सांगताना माझाच आवाज मला जड वाटला.

आमच्यातलीही एक सायकल कधीतरी भिंतीला टेकून राहणार आहे. तोवर रविवार आमचे आहेत. निघताना ती अजून सवयीने घंटी वाजवते. मला ऐकू येत नाही. पण तिचा अंगठा हललेला दिसतो, आणि मी पाय पॅडलवर ठेवतो.