एका उंदराचे ऋण

आम्ही इतिहासाचे शिक्षक. प्रयोगशाळेशी आमचा संबंध कधी आला नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि ‘निव्होलुमॅब’ हे नाव आमच्या घरात शिरले. हे औषध येते कोठून, असे आम्ही याच वसतिगृहात वाढलेल्या व आज संशोधन करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यास विचारले. त्याने सांगितलेला इतिहास येथे नोंदवीत आहोत.

१९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या पेशींपासून एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड मिळविण्याची रीत शोधली. अडचण अशी, की मानवी शरीर उंदराचे प्रतिपिंड परके मानते व त्याचाच प्रतिकार करते. १९९४ साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी उपाय प्रसिद्ध केला. उंदराची प्रतिपिंडे घडविणारी जनुके निकामी करून त्यांनी माणसाची जनुके त्याच्यात रुजविली. अशा उंदराला लस टोचली, की तो माणसाचे प्रतिपिंड घडवितो. निव्होलुमॅबचा उगम अशाच उंदरांत आहे. आपल्या संरक्षक टी-पेशींना ‘पीडी-१’ या प्रथिनाचा लगाम असतो. कर्करोग त्याचा लाभ उठवितो. हे औषध तो लगाम सैल करते.

औषध सुरू झाल्यावर बंधू चौदा महिने आमच्यात राहिले. नातीचे बारसे त्यांनी डोळे भरून पाहिले.

हा वृत्तांत वर्गात सांगितला, तेव्हा सहावीतील एका मुलीने विचारले, “सर, मग उंदराचं काय झालं?” प्रतिपिंड घडविणाऱ्या पेशींसाठी त्याची प्लीहा काढतात, तो जगत नाही. आम्ही तसे स्पष्ट सांगितले. त्या सायंकाळी वंदनेत पहिले शील म्हणताना आमचा आवाज अडखळला. बंधूंचे ते चौदा महिने नाकारण्याचे धैर्य आमच्यात नाही. त्या मुक्या जिवाला नगण्य म्हणण्याचेही नाही.

ज्यांची नोंद झाली नाही त्यांना शोधा, असे आम्ही मुलांना शिकवीत आलो. तो शोध माणसांपाशी संपतो, असे मात्र धरून चाललो होतो. रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे २०१३ साली प्रयोगशाळेतील उंदराचे स्मारक उभारले गेले. चष्मा लावलेला उंदीर सुयांवर डीएनएची साखळी विणतो आहे. त्या मुलीने त्याचे चित्र काढून वर्गाच्या भिंतीवर लावले आहे. स्नेहमेळाव्यास याल, तेव्हा ते अवश्य पाहावे.