समोर निळी जर्सी हवी

आजोळ मडगावचं आणि घर वसईतल्या पापडीचं, अशा माणसाने कुठल्या फुटबॉल क्लबचं व्हावं? लोकलच्या नकाशावर उत्तर सरळ आहे. वसई रोडला गाडी पकडायची, नायगाव सुटलं की खाडीचा वारा अंगावर घ्यायचा आणि अंधेरीला उतरायचं. तिथलं शहाजीराजे क्रीडासंकुल म्हणजे मुंबई सिटीचं घर. पण क्लब असा सोयीने जडत नाही. मी एफसी गोवाचा. सामन्याच्या दिवशी आकाशी जर्सीतल्या पोरांनी भरलेल्या डब्यात केशरी जर्सी घालून दांडीला लटकायचं, यात जी रग आहे ती मला दुसऱ्या कशात सापडली नाही.

मुंबई सिटीवरचा माझा राग जुना आणि सकारण आहे. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी गोव्याने इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, साखळी फेरीत अव्वल राहून लीगची पहिली शील्ड जिंकली. त्या आनंदाची हळद उतरते न उतरते तोच प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत, खेळाडू मुर्तादा फॉल मुंबईत, अहमद जाहू मुंबईत, ह्यूगो बुमू मुंबईत. गोव्याचा मंदार राव देसाईसुद्धा तिकडेच. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर उभा केलेला संघ अंधेरीला गेला. मार्च २०२१ च्या उपांत्य फेरीत त्याच संघाने आम्हाला पेनल्टींवर ६-५ हरवलं, तेही गोव्यातच, करोनामुळे रिकाम्या पडलेल्या स्टेडियममध्ये. पैशाने माणसं नेता येतात हे ठाऊक होतं. आपल्याच अंगणात ते पाहावं लागलं.

आणि २४ एप्रिल २०२४, पुन्हा मुंबईविरुद्ध. त्या रात्री मी मामासोबत फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये होतो. आमच्या बोरिसचा एक गोल, ब्रँडनचा एक. नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-०. मामाने पाण्याची बाटली पिशवीत टाकली, चपला चाचपल्या. पुढच्या रांगेतली माणसं गर्दी टाळायला जिना उतरू लागली होती. तेवढ्यात मुंबईचा छांगटे. मग विक्रम प्रताप. जिन्यावरची माणसं मधल्या पायरीवर थबकली, मागे वळली. आता वर यावं की खाली जावं ते कुणालाच कळेना. पुन्हा छांगटे. २-३. मामा पिशवी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिला. मुंबईने पुढे आयएसएलचा चषकही नेला.

म्हणून २९ मार्च २०२५ ला बंगळुरूने त्यांना ५-० ने झोडपलं तेव्हा मी मनसोक्त हसलो. त्याच वर्षी डिसेंबरात सुपर कपच्या उपांत्य सामन्यात आम्ही त्यांना २-१ हरवलं, तेव्हा तर पापडीपासून मडगावपर्यंत फोन खणखणत होते. प्रतिस्पर्ध्याच्या पराभवावर चाहत्याचा हक्क असतो आणि तो मी सोडणार नाही.

पण त्याच डिसेंबरच्या अखेरीस बातमी आली की सिटी ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. या वेळी माझ्या ओठांवर हसू आलं नाही. हा पराभव मैदानावरचा नव्हता. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार संपत आला आणि नवा काही झाला नाही. त्याच वर्षी जुलैत हंगाम थांबवला गेला. पुढे व्यापारी हक्कांची निविदा निघाली, तर एकही बोली आली नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. अशा अंधारात जगभर क्लब सांभाळणारा धनिक उठून गेला. त्याने आमचे खेळाडू नेले होते, तेव्हा निदान ते खेळताना तरी दिसत होते.

मुंबई शहराने क्लब असे बुडताना आधीही पाहिले आहेत, म्हणून भीती जास्त. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग महिंद्रा युनायटेडने जिंकली. मुंबईच्या क्लबला ती एकदाच मिळाली, आणि प्रशिक्षक होता गोव्याचा डेरिक परेरा. २०१० मध्ये कंपनीने तो संघच बंद केला. एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांत बसली नाही आणि आय-लीगमधून गेली. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरली आणि पुन्हा उभी राहिली नाही. खालिद जमील या तिन्ही क्लबांत खेळाडू म्हणून वाढला, आणि मग मुंबई एफसीत प्रशिक्षक म्हणून. ऑगस्ट २०२५ पासून तो भारताचा प्रशिक्षक आहे. त्याला घडवणारं एकही घर आज वरच्या फळीत उरलेलं नाही. गोव्यातही २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो आय-लीगमधून बाहेर पडले तेव्हा मामा आठवडाभर धड बोलला नव्हता.

वसईत चर्चच्या मैदानांवर रात्री दिवे लावून स्पर्धा होतात. धुळीत अनवाणी धावणारी पोरं मी रोज पाहतो. त्यांच्या आधीच्या पिढीला कंपन्यांच्या, बँकांच्या, रेल्वेच्या संघांत खेळून नोकरी मिळायची, घर उभं राहायचं. ती दारं एकेक करून मिटत गेली. या पोरांना गाडीने जाऊन परत येता येईल असा, देशाच्या वरच्या फळीतला एकच क्लब उरला आहे, आणि तो माझा वैरी आहे. तो श्रीमंत असावा, गर्विष्ठ असावा, आणि आम्ही त्याला हरवावं. तो नसावा, असं मात्र मला कधीच वाटलं नाही.

क्लब आता २०१४ पासूनच्या मूळ मालकांकडे, रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे, पूर्णपणे परत आला आहे. त्यांना माणसांची गरज आहे. वसई-विरारकरांनो, पोरांना घेऊन अंधेरीला जा, तिकीट काढून आत बसा, आकाशी जर्सी विकत घ्या. गोव्याचा सामना असेल तेव्हा मी केशरी जर्सीत तुमच्या समोरच्या स्टँडमध्ये असेन, आणि तुम्ही हरावं म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडेन.