किमया हे नाव कुठलं?



माझ्या लहानपणी वेल्ह्यात किमया नावाची एकही मुलगी नव्हती. वर्गात कल्पना, शोभा, पुष्पा, संगीता असायच्या आणि आपल्या घरांतून हमखास एखादी राजुल, एखादी चंदना. आता भोरच्या बालवाडीच्या दारात उभी राहिले की ‘किमयाऽ, डबा राहिला गं’ अशी हाक कानावर येतेच. नाव गोड आहे, छोटं आहे, जोडाक्षर नाही. पण ते कुठून आलं, असा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला आणि त्यावर चांगलं पंधरा दिवस रामायण झालं. म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या भाच्याला मुलगी झाली. दोन महिने आधीच. पहिले काही आठवडे ती काचेच्या पेटीत होती, नळ्यांमध्ये गुंडाळलेली, वजन एका नारळापेक्षा थोडं जास्त. सगळं सुखरूप पार पडल्यावर बारसं करायचं ठरलं. पत्रिकेत मृग नक्षत्राचा चौथा चरण निघाला, म्हणजे अक्षर ‘की’. वहिनींनी लगेच ‘कीर्ती’ पक्कं करून टाकलं. सूनबाईंच्या मनात होतं ‘किमया’. त्यावर वहिनींची पहिली तक्रार अशी की अक्षर दीर्घ आलंय आणि किमयातला ‘कि’ ऱ्हस्व आहे. गुरुजी म्हणाले, ते चालतं. मग दोन दिवसांनी वहिनींच्या मावसबहिणीचा मोबाईलवर निरोप आला आणि वहिनींचा मला फोन.

“अहो ताई, हे नाव अरबी आहे म्हणे! तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हीच सांगा सूनबाईला. उद्या शाळेत कुणी विचारलं तर पोरीनं काय सांगायचं?”

इंटरनेटवरच्या नावांच्या याद्या मी बघितल्या. त्यांत बहुतेक ठिकाणी एकच ओळ: किमया, मूळ संस्कृत, अर्थ दैवी. सूनबाईंनीही तीच ओळ सासूबाईंपुढे धरली होती. मला ते पटलं नाही. वहिनींची मावसबहीण या बाबतीत बरोबर होती, आणि नाव वाचवायला खोटं सांगायची काही गरज नव्हती. सत्य हे आपल्या पाच व्रतांतलं एक. ते बाळाच्या नावापासूनच मोडायला नको.

तर खरं असं आहे. अरबीत शब्द आहे ‘कीमिया’. हलक्या धातूचं सोनं करायची विद्या. अरबांनीही तो ग्रीकांकडून घेतला असं अभ्यासक मानतात. त्याच्या आधी ‘अल’ लागलं, ते अरबी भाषेतलं नामाआधी लावायचं उपपद, आणि हा ‘अल-कीमिया’ युरोपात जाऊन अल्केमी झाला. त्यातूनच पुढे केमिस्ट्री. म्हणजे आपल्या मुलांचा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर आणि आमची ही चिमुरडी एकाच घराण्यातली! आपल्याकडे तो फारसीतून आला आणि येता येता मऊ झाला. मराठीत किमया म्हणजे सोनं करणं एवढंच राहिलं नाही. हाताची जादू, न होणारी गोष्ट होऊन जाणं, हे सगळं त्यात आलं. एखादीच्या हातची साधी मुगाची डाळ वेगळीच लागते, तेव्हा आपण म्हणतो ना, काय किमया आहे गं तुझ्या हातात.

गंमत म्हणजे अरब देशांत शाळेतल्या रसायनशास्त्राच्या विषयालाच ‘कीमिया’ म्हणतात. मुलीचं नाव म्हणून ते जास्त रुळलं इराणमध्ये. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदोत कांस्यपदक मिळवणारी किमिया अलीजादे ही ऑलिम्पिक पदक मिळवणारी इराणची पहिली महिला. फारसीतला एक जुना आणि फार मान असलेला ग्रंथ आहे, इमाम गझालींचा ‘किमिया-ए-सआदत’, म्हणजे सुखाची किमया. गझाली ११११ साली वारले. तांब्याचं सोनं करायची कृती त्या ग्रंथात नाही. माणसाने स्वतःचं मन धुऊन कसं काढावं, याबद्दल ते लिहितात. मला हे कळलं तेव्हा व्याख्यानात नेहमी ऐकतो तो दृष्टांत आठवला. खाणीतल्या दगडात सोनं असतं तसा आत्मा अनादि काळापासून कर्मात मिसळलेला, आणि तपाच्या आगीत ते वेगळं होतं. त्यांची वाट वेगळी, आपली वेगळी. पण सोन्याची उपमा दोघांनाही सुचली.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं नाही. त्यांना एवढा धीर नसतो. त्यांना मी दुकानाची वही काढायला सांगितली.

माझ्या भावाचं वेल्ह्यात किराणा दुकान आहे, तोरण्याच्या पायथ्याशी. आजोबांपासूनचं. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण दिवाळीला पूजनाची वही अजून लाल कापडाचीच असते, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि शुभ-लाभ. त्या पानाच्या पुढे काय आहे? हिशोब. जमा. बाकी. वसूल. रक्कम. तारीख. नफा. हे सगळे शब्द अरबी आहेत. वही ज्या दुकानात बसून लिहितात ते ‘दुकान’सुद्धा. त्यात विकायचा मसाला आणि अत्तरही. दुकान ज्या तालुक्यात आहे तो ‘तालुका’ आणि तालुका ज्या जिल्ह्यात तो ‘जिल्हा’, दोन्ही अरबी. वहिनींनी नावाला जी हरकत घेतली ती ‘हरकत’ही तिकडचीच.

वहिनी म्हणाल्या, “ते व्यवहाराचं झालं. देवाधर्माचं वेगळं.”

मग मी म्हटलं, “वहिनी, चातुर्मासात आपण महाराजसाहेबांना वंदन करतो. त्यातला ‘साहेब’ कुठला?”

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग घुश्शातच आल्या, “मग काय आता म. सा. म्हणायचं सोडायचं का?”

“नाही हो वहिनी. तेच तर सांगतेय.”

नावं बदलण्याचा आणि टिकण्याचा आपल्या या भागाचा अनुभव मोठा आहे. १७०४ साली औरंगजेबाने राजगड आणि तोरणा घेतले. राजगडाचं नाव ठेवलं नबीशाहगड, तोरण्याचं फुतुहुल्गैब, अर्थ दैवी विजय. पुन्हा ‘दैवी’च बघा! बादशहाचा हुकूम, दप्तरात नोंद, सगळं झालं. पण मी अठरा वर्षं तोरण्याच्या सावलीत काढली, आणि फुतुहुल्गैब हा शब्द मला पुस्तकातच भेटला. दळणाला येणाऱ्या एकाही आजीच्या तोंडी तो नव्हता. उलट शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातल्या फारसी पदांना संस्कृत नावं दिली. राज्यव्यवहारकोश त्यासाठीच तयार करवून घेतला. सुरनिसाचा सचिव झाला, आणि आमच्या भोरचे राजे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ‘पंत सचिव’ म्हणूनच राहिले. ते नाव लोकांनी घेतलं. पण त्याच यादीत पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ केला होता, तो काही चालला नाही. पेशवा हा शब्द फारसी, आणि पुण्यात अजून पेशवे पार्क आहे. आता वेल्हे तालुक्याचंही राजगड तालुका झालं. भोरच्या स्टँडवर मात्र माणसं ‘वेल्ह्याची गाडी गेली का’ असंच विचारतात. कुठलं नाव लोकांच्या जिभेला लागेल आणि कुठलं नाही, हे हुकूम काढणाऱ्याच्या हातात फारसं नसतं.

घराण्यातल्या नावांचंही तसंच. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाहशरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. साताऱ्याच्या रामराजांच्या बहिणीचं नाव दर्याबाई होतं. दर्या फारसी. त्यांना त्यात काही परकं वाटलं असेल असं मला नाही वाटत.

वहिनींचा राग निवळला तो मात्र माझ्या या पांडित्याने नाही. सूनबाईंनी एवढे दिवस एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, ती शेवटी मला सांगितली. बाळ पेटीत असताना एका सकाळी नर्सने पहिल्यांदा नळी काढली. बाळाने आपला आपण श्वास घेतला. वहिनी काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, “काय किमया आहे बाई ही.” सूनबाईंनी नाव यादीतून निवडलेलंच नव्हतं. ते सासूबाईंच्या तोंडून उचललेलं होतं.

हे मी वहिनींच्या कानावर घातलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मी असं म्हटलं होतं?” आणि विषय बदलून पापडाच्या पिठाचं विचारायला लागल्या. बारशाला बाळाच्या आत्याने पाळण्यात कुर्र केलं ते ‘किमया’ म्हणूनच.

त्या दिवशी पाळण्याशी बसलेल्या बायकांना मी पादलिप्तसूरींची गोष्ट सांगितली. पालिताण्याला आपण सगळ्या जातो, पण गावाचं नाव कुणावरून पडलं ते पुष्कळजणींना माहीत नसतं. तेराव्या शतकातल्या प्रभावकचरितात ही कथा आहे. नागार्जुन नावाच्या किमयागाराने सोनं करणारा रस सिद्ध केला आणि मोठ्या अभिमानाने आचार्यांकडे पाठवला. आचार्यांनी ते भांडं भिंतीवर आपटून फोडलं आणि उलट भेट म्हणून दुसरं भांडं भरून पाठवलं. नागार्जुनाने वास घेतला, तर ते मूत्र! संतापून त्याने ते दगडावर ओतलं, आणि विस्तवाची धग लागल्यावर तो दगडच सोन्याचा झाला. मग तो आचार्यांचा शिष्य झाला आणि शत्रुंजयाच्या पायथ्याशी त्याने गुरूंच्या नावाने पादलिप्तपूर वसवलं. तेच आपलं पालिताणा. बायका हसून हसून लोळल्या. वहिनींच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “मग किमया जैनांचीच की!” असंही नाही हो काकू, पण असू दे.

ज्यांच्या घरी सध्या पाळणा हलतोय त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. बारसं लांबलं म्हणून घाबरू नका. जन्माची नोंद वेळेत करून घ्या, नावाची जागा रिकामी राहिली तरी चालतं. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर त्याचं शुल्क पडत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. आणि इंग्रजी स्पेलिंग घरात आधी एकदा ठरवून घ्या, शेवटी एक ‘ए’ की दोन. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेत तिसरं झालं की निस्तरता निस्तरता जीव जातो. आमच्याकडे एकच ‘ए’ ठरलाय.