त्रिरश्मी ते येवला : द्राक्षबागांतून सायकलवर

आपल्या समाजातला माणूस प्रवासाला निघतो तो बहुधा नागपूरच्या दीक्षाभूमीला, दादरच्या चैत्यभूमीला, नाहीतर कुणाच्या लग्नकार्याला. नुसते बघण्यासाठी म्हणून हिंडणे आपल्याला परवडायचे नाही, अशी आपली समजूत असते. गेल्या हिवाळ्यात, जानेवारीअखेरच्या शनिवारी-रविवारी, आम्ही चौघे नाशिकहून येवल्यापर्यंत सायकलने गेलो. मी, अकरावीत शिकणारी माझी मुलगी आणि आमच्या बुद्धविहारातले दोन तरुण. खर्च झाला तो पंक्चर काढण्याचा आणि परतीच्या टेम्पोचा. पण जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

सकाळी त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी जमलो. लोक या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही आहेत बौद्ध भिक्खूंची निवासस्थाने, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पायऱ्या चढून दहाव्या लेण्यात गेलो. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यात एक व्यवहार कोरलेला आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक दराने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत.

मी बी.कॉम. झालेला कारकून. व्याजाचा हिशेब दिसला की मांडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही दोनशे चाळीस. हिशेब जुळला! मुलीला मोठी गंमत वाटली. त्याच लेण्यात आणखी एक नोंद आहे : उषवदाताने चार हजार कार्षापण मोजून एक शेत विकत घेतले आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या भोजनाची सोय लावली. शेत कुणाकडून घेतले, गावाच्या कोणत्या बाजूला आहे, किंमत किती, सगळे दगडावर लिहून ठेवले. जमीन द्यायची तर कागद पक्का हवा, हे त्या काळच्या माणसाला कळत होते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

शहरातून गर्दी चुकवत पंचवटीत आलो. काळाराम मंदिराजवळ सायकली थांबवल्या. २ मार्च १९३० रोजी इथे सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुषांनी लाठ्या-दगड सोसले, पण दार उघडले नाही. तिथून दिंडोरीची वाट धरली. दिंडोरी नाशिकपासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पण आम्ही डांबरी हमरस्ता सोडून शिवारातल्या रस्त्यांनी गेलो. मुरूम टाकलेले रस्ते, मोटारीचा मागमूस नाही, क्वचित एखादा ट्रॅक्टर. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा. लोखंडी अँगल आणि तारांवर चढवलेल्या वेली, खाली हिरवे घड, काही बागांत घडांना कागद गुंडाळलेले. अशा रस्त्याला गिअरची महागडी सायकल लागत नाही. रुंद टायरची साधी सायकल पुरते. फक्त बाभळीच्या काट्यांपासून सांभाळावे लागते.

द्राक्षबाग म्हणजे वर्षभराची मजुरी. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग विरळणी, घड औषधात बुडवणे, भुरी-डाऊनीसाठी फवारण्या आणि अखेर तोडणी. ही कामे करायला पेठ-सुरगाण्याचे आदिवासी बांधव येतात आणि गावोगावच्या आपल्या भगिनी जातात. बागेच्या कडेला झोळीत लेकरू, आणि आई दिवसभर मान वर करून घड विरळत असलेली. द्राक्षाची पेटी परदेशी जाते. मान मात्र हिचीच दुखते.

वाट थोडी वाकडी करून आंबे गावी गेलो. दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी या गावी झाला. ज्या तालुक्यात आज जमिनीला सोन्याचा भाव आहे, त्याच तालुक्याच्या मातीतून भूमिहीनांचा सर्वांत मोठा सत्याग्रह उभा करणारा माणूस निघाला. डिसेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या त्या लढ्यात देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती : पडीक आणि गायरान जमीन कसायला भूमिहीनांना द्या.

वाटेत वाइनच्या जाहिरातीही दिसल्या. २००१ साली राज्य शासनाने द्राक्षापासून वाइन करण्याच्या धंद्याला उत्तेजन देणारे धोरण आणले. तेव्हापासून या भागात पर्यटक मोटारी भरून येतात. आमच्यातला एक तरुण गमतीने म्हणाला, "एक घोट चाखून बघायला काय हरकत आहे?" मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "दादा, पाचवे शील घरी ठेवून आलात काय?" सगळे हसलो. पुढे एका मळ्यावर किलोभर द्राक्षे घेतली आणि बांधावर बसून भाकरीबरोबर खाल्ली. द्राक्षाची खरी गोडी तीच.

दुपारनंतर पालखेड धरण गाठले. कादवा नदीवरचे हे धरण दिंडोरी तालुक्यात आहे आणि त्याचा डावा कालवा निफाड तालुक्यातून येवल्याकडे जातो. पाटाच्या कडेने मुरमाचा रस्ता जिथे जिथे धड होता तिथे तिथे आम्ही तोच धरला. आवर्तन चालू असल्याने पाट तुडुंब वाहत होता. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला द्राक्ष, कांदा, गहू. दादासाहेबांच्या तालुक्यातले पाणी बाबासाहेबांच्या मुक्तिभूमीच्या गावाकडे चालले होते आणि आम्ही त्याच्या सोबतीने.

रात्री निफाड तालुक्यातल्या एका गावी बौद्धवाड्यातील विहारात मुक्काम केला. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. पारा फार उतरला की घड वाचवण्यासाठी बागांत रात्रभर शेकोट्या पेटवतात. लांबवर तसे जाळ दिसत होते. विहारासमोरही एक शेकोटी पेटली होती. तिथे ऐंशीच्या घरातले एक आजोबा येऊन बसले.

"जयभीम, भाऊ. कुठून आले?" आम्ही सांगितले. आंब्याचे नाव निघताच ते सावरून बसले.

"तव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं व्हतं. दादासाहेबांनी सांगितलं, जेल भरा. आमी गेलो. आईनं भाकरी बांधून दिली व्हती, ती जेलच्या दारातच खाल्ली."

"मग जमीन मिळाली का, बाबा?" मुलीने विचारले.

"मिळाली बी आन् नाही बी."

गावच्या गायरानातले दीड एकर त्यांनी मोडून काढले. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिथे बाजरी पेरतात. पण सातबारा नावावर नाही. पाट शेताच्या अगदी उशाला आहे. सातबारा नाही म्हणून पाण्याचा अर्ज करता येत नाही. "पानी रोज बघतो, भाऊ. पन त्ये माझ्या वावराला वळखत नाही," म्हातारा म्हणाला. महाडला बाबासाहेबांनी आपल्याला पाण्याचा हक्क मिळवून दिला. इथे तेच पाणी एका कागदासाठी अडून राहिले होते.

मी विचारले, "जुना काही कागद आहे का?" आजोबा घरात गेले आणि पत्र्याच्या डब्यातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत अतिक्रमणाबद्दल दंड भरल्याची पावती होती, १९८३ सालची. दंड म्हणजे कमीपणा, असे वाटून त्यांनी ती कधी कुणाला दाखवलीच नव्हती!

वाचकहो, ही पावती म्हणजेच पुरावा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली शासकीय जमिनीवरील अतिक्रमणे, भूमिहीन मागासवर्गीयांची म्हणून, नियमित करण्याची तरतूद झाली. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा कडक निर्णय दिला. पण शासकीय आदेशान्वये भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद त्यातही नोंदलेला आहे. म्हणून जुना कागद हीच आपली ढाल. शेकोटीच्या उजेडात आजोबांच्या नावाने अर्ज लिहून काढला, मुलीने त्याची स्वच्छ प्रत केली. उत्तर अजून यायचे आहे. पाठपुरावा चालू आहे.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना येवल्यात पोहोचलो. येवले हे पैठणी विणणाऱ्यांचे गाव आहे आणि तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणूनही प्रसिद्ध आहे. आपल्यासाठी मात्र ते १३ ऑक्टोबर १९३५ चे गाव. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हा निर्धार बाबासाहेबांनी इथे जाहीर केला. मंदिराच्या दारात आणखी शक्ती घालवू नका, हेही इथेच सांगितले. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला तो शब्द पुरा झाला. मुक्तिभूमीवर आम्ही चौघांनी त्रिसरण-पंचशील घेतले. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, लेण्यातल्या राजाच्या जावयाचा कागद दोन हजार वर्षं टिकला, आणि आजोबांचा डब्यातच राहिला." मला यावर काही बोलता आले नाही.

ही सहल कुणालाही जमण्याजोगी आहे. डिसेंबर-जानेवारीत जावे, कारण उन्हाळ्यात या वाटेला सावली नाही. पंक्चरचे सामान, पाणी आणि दोन वेळची भाकरी बरोबर ठेवावी. पाट खोल असतो आणि त्याला ओढ असते, म्हणून मुलांना काठावर उतरू देऊ नये. बागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये. आणि मुक्कामाला बौद्धवाड्यातच उतरावे. तिथल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : बाबा, घरात एखादा जुना कागद आहे का?

जयभीम!