मीरा रोडचे चार दिवस

'जकात' हा शब्द आम्हांस लहानपणापासून ठाऊक आहे, परंतु तो नाक्याच्या संबंधानें. गांवाच्या वेशीवर गाडी अडवावी, पोतीं मोजावीं आणि पावती फाडावी, याला आपण जकात म्हणत आलों. मुंबईच्या उत्तर सीमेवर दहिसरचा जकात नाका एके काळीं फार प्रसिद्ध होता. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. या नाक्याच्या पलीकडे, अवघ्या एका स्टेशनावर, याच शब्दाचा मूळ अर्थ आम्हांस वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं समजला, त्याची ही हकीकत आहे.

आमचे चिरंजीव मीरा रोड येथें बिऱ्हाड करून आहेत. नांवावरून कोणास हा एखादा रस्ता वाटेल. पण हें पश्चिम रेल्वेवरील स्टेशन असून त्याच्या आश्रयानें एक मोठें शहर वाढलें आहे. दहिसर मागें पडलें कीं ठाणें जिल्हा लागतो. डाव्या हातास तिवरांची दाट झुडुपें व मिठागरें दिसूं लागतात, आणि उजव्या हातास इमारतींची न संपणारी रांग. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ सालीं झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. म्हणजे आमच्या वाईसारखीं कित्येक गांवें तींत सहज मावतील. गुजराती, जैन, मराठी, ख्रिस्ती, उत्तरेकडचे, सर्व प्रकारचे लोक येथें आहेत. स्टेशनास लागून पूर्वेस नया नगर म्हणून वस्ती आहे, ती बहुतांशीं मुसलमानांची. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईंतील पुष्कळ मुसलमान कुटुंबें जागा सोडून इकडे आलीं. चिरंजीवांची इमारत या वस्तीच्या कडेलाच आहे.

२०२४ च्या जानेवारींत येथें दोन समाजांत तंटा झाला, आणि दोनच दिवसांनीं महानगरपालिकेनें तेथील कांहीं बांधकामें पाडलीं, हें वाचकांस स्मरत असेल. त्यामुळें पुढच्या वर्षीं आम्ही पाडव्यास तिकडे निघालों, तेव्हां आप्तांपैकीं दोघांनीं 'जपून असा' म्हणून बजावलें. आम्ही जपूनच होतों. पण तेथें भीति वाटण्यासारखें रस्ता ओलांडण्यापलीकडे कांहीं आढळलें नाहीं.

तिथींचा योग मात्र मोठा मौजेचा होता. ३० मार्च २०२५ रोजीं वर्षप्रतिपदा, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर. त्याच संध्याकाळीं ईदेचा चंद्र दिसला आणि ३१ तारखेस ईद झाली. चंद्रकोर एकच, तिनें आमचा चैत्र उघडला आणि शेजाऱ्यांचा शव्वाल. फरक एवढाच कीं आपण अधिक मास घालून चंद्राला सूर्याशीं जुळवून घेतों, ते घालीत नाहींत. त्यांचें वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. म्हणून रमजान दरवर्षीं अकरा-एक दिवस मागें सरतो आणि सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतो. जकातीचा हिशेब याच चांद्रवर्षानें होतो, आणि पुष्कळ लोक ती रमजानांतच देतात. आज भर उन्हाळ्यांत मिळणारें साह्य कांहीं वर्षांनीं थंडींत आणि पुढें ऐन पावसाळ्यांत मिळेल, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटली.

चिरंजीवांच्या समोरच्या खोल्यांत खेडकडचे एक कोंकणी मुसलमान गृहस्थ राहतात. तेहि निवृत्त शिक्षक, गणिताचे. ते आम्हांस 'गुरुजी' म्हणतात, आम्ही त्यांस 'मास्तर' म्हणतों. पाडव्याच्या आदल्या दिवशीं दुपारीं आम्ही वर्तमानपत्र मागावयास गेलों, तों मास्तर जेवणाच्या मेजावर बँकेचीं पुस्तकें पसरून बसले होते. म्हणाले, "बसा गुरुजी. वर्षाचा हिशेब करतोंय. बेरीज तपासायला दुसरा मास्तर बरा."

हिशेब असा. राहतें घर धरावयाचें नाहीं, वापरावयाच्या वस्तु धरावयाच्या नाहींत. ठेवी, हातची रोकड, परत येण्याजोग्या उसन्या रकमा, व्यापाराचा माल, हें सर्व धरावयाचें. तें ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल आणि त्यावर वर्ष लोटलें असेल, तर त्याचा चाळिसावा भाग काढून द्यावयाचा. शेतीच्या उत्पन्नाचा दर निराळा: पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग, कष्टानें पाणी घालून पिकविलेल्याचा विसावा. राजाच्या षष्ठांशाविषयीं आम्ही मनुस्मृतींत वाचलें होतें. पण पाणी शेंदण्याच्या श्रमांची अशी सूट आमच्या वाचनांत आलेली नाहीं.

मर्यादा सांगितली आहे ती दोन प्रकारें: साडेसात तोळे सोनें, किंवा साडेबावन तोळे चांदी. दोन्ही प्रमाणें ठरलीं त्या काळीं त्यांचें मोल सारखें धरीत, म्हणजे सोनें चांदीच्या सातपट. त्या मार्च महिन्याच्या अखेरीस सोनें दहा ग्रॅमला सुमारें ९०,००० रुपये आणि चांदी किलोला सुमारें एक लाख, म्हणजे जवळजवळ नव्वदपट. त्या वेळीं सोन्यानें मोजलें तर पावणेआठ लाखांच्या वर शिल्लक असणाऱ्यासच जकात लागूं होई. चांदीनें मोजलें तर एकसष्ट हजारांवरहि लागे. बरेच मौलवी चांदीचें माप धरा म्हणतात, कारण त्यायोगें देणारे अधिक होतात. परंतु त्यामुळें दोन महिन्यांचा पगार शिल्लक टाकणारा कारकूनहि दात्यांत येतो, आणि त्याच्याच घरीं टंचाई असते, अशी मास्तरांची तक्रार.

बेरीज ४,८०,००० आली. चाळिसावा भाग बारा हजार. मास्तरांच्या पत्नीच्या अंगावरच्या बांगड्या धरल्या नव्हत्या. कोंकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यांत स्त्रियांच्या नेहमीच्या वापरांतील दागिने सुटतात. वरच्या मजल्यावरचे उत्तरेकडील कुटुंब हनफी, त्यांच्यांत सुटत नाहींत. आमच्या सौभाग्यवतींनीं हें ऐकून शाफई पंथाविषयीं फार चांगलें मत करून घेतलें.

ईदेच्या नमाजापूर्वीं घरांतील प्रत्येक माणसामागें जो 'फित्रा' द्यावयाचा, त्यांतहि असाच भेद आहे. मास्तर माणशीं अडीच किलोंच्या आसपास तांदूळ देतात. त्यांच्या शास्त्राप्रमाणें धान्यच दिलें पाहिजे. वरचे शेजारी पावणेदोन किलो गव्हाचे पैसे देतात. त्यांच्या शास्त्रास मोल चालतें. गरिबाला धान्य द्यावें कीं नाणें, हा वाद आजच्या अर्थशास्त्र्यांनीं काढला असें आम्ही समजत होतों. तो या जिन्यावर हजारांहून अधिक वर्षें चालूं आहे.

जकात कोणास द्यावी याचे आठ वर्ग कुराणांत सांगितले आहेत: निर्धन, गरजू, जकात गोळा करणारे सेवक, ज्यांचें मन जोडावयाचें ते, बंधनांतून सोडवावयाचे ते, कर्जांत बुडालेले, ईश्वरी मार्गांतील कार्य आणि वाटसरू. आईबाप, मुलें व पत्नी यांस ती देतां येत नाहीं, कारण त्यांचें पोषण हें आधींच कर्तव्य. पण भाऊ, बहीण, पुतण्या गरीब असतील तर चालते, नव्हे, त्यांस देणें अधिक चांगलें. ज्या घरांत विधवा आत्या ओटीवरच्या खोलींत आयुष्य काढते, तेथील वाचकांनीं या नियमाकडे क्षणभर पाहावें.

तेवढ्यांत एक बाई आली. साड्यांना फॉल-बिडिंग करून पोट भरणारी, पदरीं दोन मुलें. मास्तरांनीं आंतून एक पाकीट आणलें आणि 'मुलांच्या ईदेचे' म्हणून तिच्या हातीं दिलें. बारा हजार! पूर्वीं ते पांचपांचशें करून चोवीस ठिकाणीं देत. आठहि वर्गांत वांटावें असें त्यांच्या जुन्या ग्रंथांत असलें, तरी एकालाच देण्यास पुष्कळ शास्त्र्यांनीं मोकळीक दिली आहे. शिवाय कारागिराला त्याचीं हत्यारें घेतां येतील इतकें द्यावें, असेंहि त्याच पंथाचे शास्त्रकार सांगतात. पांचशेंनीं माणूस ईदेपुरता हंसतो, एवढेंच.

बाई गेल्यावर आम्हीं विचारलें, "मास्तर, या पैशांचें ती काय करील?"

"तें मला काय ठाऊक?"

"निदान शिवणयंत्र घे म्हणून सांगायचें."

"गुरुजी, देण्याची अट अशी कीं घेणाऱ्याला मालक केलें पाहिजे. तमलीक म्हणतात. म्हणून या पैशानें मशीद बांधतां येत नाहीं. मशिदीला हात कुठें आहेत घ्यायला? आतां ते पैसे तिचे. तिच्या पैशांचा हिशेब मीं कां विचारावा? ही जकात आहे, हेंसुद्धां तिला सांगावें लागत नाहीं. माझी नियत असली कीं पुरे."

आम्ही उत्तर न देतां घरीं आलों. कारण आम्हांस एक चष्मा आठवला होता.

आमच्या मातुःश्रींच्या नांवें आम्हां बंधूंनीं एक लहानसा निधि ठेविला आहे. दरवर्षीं शाळा उघडतांना पांच गरीब विद्यार्थ्यांस बोलावून वह्या व गणवेश द्यावयाचे, कुंकू लावावयाचें आणि फोटो काढावयाचा, अशी रीत. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका मुलाच्या आईनें आम्हीं दिलेल्या बारा वह्या दुकानदारास निम्म्या किमतीत परत विकल्याचें कळलें. आम्हांस संताप आला, आणि त्या मुलाचें नांव आम्हीं स्वहस्तें यादींतून खोडलें. पुढें दुकानदाराकडूनच समजलें कीं तिला मुलासाठीं चष्मा करावयाचा होता. तो आमच्याच वर्गांत तिसऱ्या बांकावर बसे. आम्हीं त्याला वह्या दिल्या, आणि त्याला फळ्यावरचें दिसत नव्हतें.

गरिबाच्या हातीं पैसा दिला तर तो उधळतो, आळशी होतो, ही आपली जुनी समजूत. अभिजित विनायक बॅनर्जी यांना २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. त्यांच्या मातुःश्री माहेरच्या पाटणकर. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा देशांतील सात योजना तपासून २०१७ सालीं प्रसिद्ध केलें, कीं रोख साह्यानें लोक काम सोडतात असा पुरावा मिळत नाहीं. केनियांत 'गिव्ह डायरेक्टली' या संस्थेनें खेड्यांतील कुटुंबांस विनाअट रोख पैसे दिले; २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला आढळला नाहीं. दरमहा थोडे मिळाले त्यांच्या जेवणाची निश्चिंती वाढली, एकदम मिळाले त्यांनीं टिकाऊ वस्तूंत अधिक घातले. मास्तरांनीं चोविसांचा एक केला तो याच हिशेबानें, जरी त्यांनीं केनियाचें नांव ऐकलेलें नव्हतें. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांविषयींच्या संस्थेनेंहि २०१९ सालीं जकातीसाठीं निराळा निधि उघडला असून त्यांतून निर्वासित कुटुंबांस रोख साह्य होतें.

आणि इतक्या दूर तरी कां जावें? श्रावणांत पेशवे पर्वतीच्या रमण्यांत ब्राह्मणांस जमवीत आणि एकेकाला बाहेर सोडतांना हातावर दक्षिणा ठेवीत. त्या रुपयांचें पुढें काय केलें, असें आपल्या पूर्वजांस कोणीं विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. ती दक्षिणा दारिद्र्य पाहून नव्हे, जात व विद्या पाहून मिळे, हाहि भेद सांगितला पाहिजे. लोकहितवादींनीं व त्यांच्या मित्रांनीं तिचा कांहीं भाग मराठी ग्रंथांकडे वळवावा म्हणून पुढें अर्ज केला, तेव्हां पुण्यांत केवढा गहजब झाला!

जकातीच्या व्यवहारांत सर्व कांहीं सोन्यासारखें आहे असें नाहीं. रमजानांत दूरदूरच्या मदरशांचे वसुलीवाले पावतीपुस्तकें घेऊन जिने चढतात; त्यांतला खरा कोण, हें ओळखणें कठीण. नया नगरच्या मशिदींबाहेर त्या रात्रीं याचकांची जी दाटी आम्हीं पाहिली, तींत बारा हजार तर काय, शंभराची नोटहि कोणाच्या वांट्यास येत नसावी. आणखी एक गोष्ट आम्हीं मास्तरांस स्पष्टच विचारली: हिंदु विधवेस ही चालते काय? ते म्हणाले, बहुतेक शास्त्र्यांच्या मतें ही सक्तीची जकात मुसलमान गरिबांसाठीं; खुषीचा सदका मात्र कोणासहि. उत्तर प्रामाणिक होतें, म्हणून आम्ही पुढें बोललों नाहीं. आमच्या निधीच्या यादींतहि पहिलीं दहा वर्षें आपल्याच ज्ञातीचीं मुलें होतीं. सरकारची 'माझी लाडकी बहीण' योजना २०२४ च्या जुलैपासूनचे दरमहा १५०० रुपये पात्र स्त्रियांच्या खात्यांत जमा करूं लागली, ती असा भेद करीत नाहीं. पण तेथें कागद लागतात, आणि फॉल-बिडिंगवाल्या बाईचा कुठला तरी एक कागद गांवीं राहिला होता.

ईदेच्या दिवशीं मास्तरांकडून शिरखुर्मा आला. आदल्या दिवशीं आमच्याकडचें श्रीखंड गेलेंच होतें. ती बाईहि मुलांस घेऊन आली होती. न राहवून सौभाग्यवतींनीं तिला बाजूस घेऊन विचारलेंच. तिनें वाण्याची सात महिन्यांची उधारी फेडली, आणि उरलेले खोलीच्या थकलेल्या भाड्यास गेले. यंत्र नाहीं, कांहीं नाहीं. आमचा थोडा हिरमोड झाला, हें कबूल करतों. मग आठ वर्गांतील सहावा आठवला. वाण्याचें दार तिला पुन्हा उघडें झालें होतें.

वाईस परतल्यावर आम्हीं धाकट्या बंधूंस सांगितलें, कीं यंदा वह्या नकोत, फोटोहि नको. पांच घरांत रक्कम रोख द्यावी, आणि पांचांच्या जागीं तीनच घरें निघालीं तरी चालतील. बंधु म्हणाले, "मग मातुःश्रींचें नांव कुठें दिसणार?" दोन दिवस ते आमच्याशीं बोलले नाहींत. अखेर जून महिन्यांत तीन घरीं आम्ही दोघे स्वतः जाऊन पाकिटें देऊन आलों. त्यांतलें एक घर कैकाड्यांचें होतें. त्यांनीं त्या पैशांचें काय केलें, हें आम्हीं विचारलें नाहीं. सौभाग्यवतींनीं विचारलें असावें, असा आम्हांस दाट संशय आहे.